वटाव

अण्णा गणपती पेठेतून माल भरून परतले की आई पाण्याचा तांब्या पुढे करत एकच विचारायची, "वटाव किती सुटला?" घाऊक व्यापाऱ्याला जागेवर रोख पैसे मोजले की बिलातून जी सूट मिळते, तो वटाव. शंभराला रुपया-दीड रुपया. आजूबाजूचे दुकानदार महिन्याच्या वायद्यानं माल उचलायचे. अण्णा मात्र गाठीला असतील तेवढ्याच पैशांचा माल घ्यायचे आणि तिथल्या तिथे चुकते करायचे. साखरेत किरकोळ दुकानदाराला तेव्हा सुटत काय होतं, किलोमागे चार-दोन पैसे. आमच्या घरची दिवाळी वटावावर व्हायची.

सांगलीच्या गावभागात दहा बाय बाराचं आमचं किराणा दुकान. जागा आजोबांनी घेतलेली, म्हणून भाड्याची कटकट नाही. सकाळी फळ्या काढायच्या, पायरीवर पाणी मारायचं, उदबत्ती फिरवायची. मिठाचं पोतं रात्रभर बाहेरच असायचं, कारण मीठ कुणी चोरत नाही अशी सगळ्यांची खात्री. आत गादीवर अण्णा, समोर लाकडी पेटी, पेटीत वह्या. मी शाळेतून आलो की पुड्या बांधायचो. रद्दीच्या कागदाचा शंकू, वर दोऱ्याचे दोन वेढे, आणि दोरा बोटानं तोडायचा. दात लावला तर अण्णांची टपली बसायची. पावशेर शेंगदाण्याची पुडी हातातून सुटली तरी उलगडता कामा नये, ही आमच्याकडची परीक्षा. मी ती आठवीत पास झालो.

दशमान वजनं सक्तीची होऊन दहा वर्षं उलटली होती, तरी हरिपूरकडच्या म्हाताऱ्या चिपट्या-मापट्यानंच मागायच्या. "मापटंभर डाळ घाला, आणि मागलं मांडलंय न्हवं?" अण्णा वजनाच्या काट्यावर तोलायचे, तोंडानं मात्र 'मापटं' म्हणायचे. समोरच्याचा हिशेब त्याच्याच भाषेत सांगायचा. याला पुढे मोठी इंग्रजी नावं मिळाली आणि ती शिकायला माझ्या पुतण्यानं दोन लाख फी भरली.

उधारीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल फार गोड गोड लिहिलं जातं. जुना वाणी प्रेमानं उधार द्यायचा, असं आपण मानतो. अण्णा प्रेमळ होते, पण उधारी हा त्यांचा धंदा होता. भोवती दोन तऱ्हेची माणसं. गिरणी-कारखान्यातल्या कामगाराचा पगार महिन्याला, शेतकऱ्याचा पैसा हळद विकली की किंवा उसाचं बिल निघालं की. पोट तर रोजचं. बँक अशा माणसाला तेलासाठी कर्ज देत नाही, ती जागा वाण्यानं भरून काढलेली. उधारीच्या गिऱ्हाइकाला तूरडाळ किलोमागे पाच पैसे चढी पडायची. हे त्यालाही माहीत असायचं, अण्णांनाही, आणि दोघंही त्यावर बोलायचे नाहीत.

खरं कसब होतं ते कुणाला 'नाही' म्हणायचं यात. एका घरात अचानक तुपाचा खप वाढला की अण्णा सावध व्हायचे. "पाहुणे आलेत की पैसे आलेत?" असं हसत विचारायचे आणि उत्तरापेक्षा चेहरा बघायचे. 1972 च्या दुष्काळात त्यांनी नवी उधारी एकदम आखडली. ज्यांची माणसं सरकारी दुष्काळी कामांच्या खडीवर जात होती, त्यांना मात्र आठवड्याचा बाजार दिला; तिथला पैसा थोडा होता, पण येणार हे नक्की. त्या वर्षी आमच्या पेठेतली दोन दुकानं बसली. दोन्ही दुकानदार अण्णांपेक्षा उदार होते.

तेव्हा मला हे कठोर वाटायचं. नंतर मी बँकेत चिकटलो, तीस वर्षं कर्जाच्या फायली चाळल्या, आणि अण्णांच्या नजरेची बरोबरी करणारा एकही फॉर्म मला सापडला नाही.

2005 च्या पुरात माल माळ्यावर चढवला, पण घाईत वह्यांची पेटी गादीखालीच राहिली. पाणी ओसरल्यावर शाईपेनाच्या ओळी निळ्या डागांत विरघळलेल्या. तोवर दुकान माझा धाकटा भाऊ बघत होता. बरीच माणसं आपणहून आली, आकडा सांगून पैसे टाकून गेली. काही आली नाहीत. त्यात एक घर असं होतं, ज्यांच्या तीन लग्नांच्या याद्या आम्हीच पुरवल्या होत्या. अण्णा सत्तरीत होते. त्यांनी भावाला नवी वही आणायला सांगितली आणि पहिल्या पानावर आठवणीनं एकेक नाव घालायला सुरुवात केली. ते घरही घातलं, पुढची रक्कम कोरी ठेवून.

आता दुकान पुतण्याकडे आहे. पुडी गेली, पाकीट आलं. छापील किमतीमुळे पाच पैशांचं ते मूक गणितही गेलं. गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी, शेजारी एक डबी, जी प्रत्येक जमा रक्कम अख्ख्या गल्लीला ऐकवते. अण्णांना हे मुळीच चाललं नसतं. त्यांच्या मते दुसऱ्याची खरेदी तिसऱ्याला कळता कामा नये. पुण्यात माझी मुलगी फोनवर बोट ठेवते आणि दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. आणणाऱ्या मुलाचं नाव तिला ठाऊक नसतं, त्यालाही तिचं नसतं. कोथिंबीर ताजी असते, हे मान्य करायला हवं.

पुतण्याला धास्ती आहे ती मोठ्या दुकानांची. 2002 मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं, आता ते ठिकठिकाणी पोचलंय. "काका, त्यांच्याशी कोण टिकणार?" तो विचारतो. मी त्याला त्यांची रीत सांगितली. जागा शक्यतो स्वतःची घ्यायची, म्हणजे भाडं डोक्यावर बसत नाही. माल पुरवणाऱ्याचे पैसे बाकीच्यांपेक्षा लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. जे खपतं तेच ठेवायचं. तो माझ्याकडे बघत राहिला. "हे तर आजोबांचंच," म्हणाला. तेच तर. फरक आकाराचा. आणि उधारीचा: ती त्यांच्याकडे नाही, कारण गिऱ्हाइकाची ओळखच नाही.

उद्योजकतेवरची व्याख्यानं ऐकताना हल्ली मला जिद्द आणि स्वप्न हे शब्द फार ऐकू येतात. आमच्याच भागातलं किर्लोस्करवाडीचं उदाहरण बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं, पुढे कारखाना काढला, आणि तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजानं माळरानाची जमीन आणि कर्ज दिलं. 1910 मध्ये वाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची जिद्द होतीच. पण त्या माणसाला उधार द्यावं हे ओळखणारा राजा नसता, तर ती माळावर उपयोगी पडली नसती.

पुतण्यानं यंदा दोन गोष्टी केल्या. वितरकाला पंधरवड्याऐवजी रोख देऊन शंभराला दीड रुपया सोडवून घेतला. तो त्याला 'कॅश डिस्काउंट' म्हणतो. आणि धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या साठेक घरांची उधारी पुन्हा सुरू केली. फोनमध्ये लिहितो, शिवाय वहीतही. दुकानाच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत, 2005 ची गुडघ्याला आणि 2019 ची छातीच्या वर. वही त्यानं दुसऱ्या रेघेच्या वीतभर वर ठेवलीय.