पहिली पसंती

माणसाला नावडतं काय ते विचारावं. तो यादी तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण आवडतं काय ते क्रमवार लिहून मागितलं, की भल्याभल्यांची बोबडी वळते. "भाजी कुठली करू?" या प्रश्नाला गेली वीस वर्षं "काहीही" हेच उत्तर देणाऱ्या माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाचं तर विचारूच नका.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, इंडियानापोलिसला असतो. तिथं २००३ पासून 'जेन कॉन' नावाची खेळांची जत्रा भरते. खेळ मैदानी नव्हेत हं! टेबलाभोवती बसून फासे टाकायचे, पत्ते पिसायचे आणि चांगल्या पगारदार माणसांनी चेटकीण नाहीतर राक्षस व्हायचं. गॅरी गायगॅक्स या गृहस्थानं १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी एक हॉल भाड्यानं घेऊन हे सुरू केलं. गावावरूनच जत्रेचं नाव पडलं. आता चार दिवसांत हजारो खेळ होतात, पण एकेका टेबलाला खुर्च्या मोजक्याच. म्हणून मे महिन्यातच पसंतीची यादी धाडायची. त्यांच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला, सगळे एकदम बटण दाबतात. निमिषभर उशीर झाला की तुमच्यापुढे हजारो माणसं! पुढे नशीब.

"दादा, तू बँकेत आहेस, तुला रांगेतलं कळतं," म्हणून भावानं माझा सल्ला घेतला. तीन रात्री जागून त्यानं चाळीस खेळांचा क्रम लावला होता. मी नियम वाचले आणि काउंटरवरच्या थाटात त्याला समजावलं, "अरे, तुझा नंबर आला की यंत्र तुझी अख्खी यादी वरून खाली एका दमात वाचतं, मगच पुढच्याला बोलावतं. तेव्हा सातवा काय आणि सतरावा काय, सारखंच. क्रमाला किंमत फक्त एकाच ठिकाणी: दोन खेळ एकाच वेळी आले तर! तुझे कुठे येतात?"

पलीकडे शांतता.

"शनिवारी सकाळी दहाला," तो म्हणाला. एक, ज्या मोठ्या लढाईसाठी तो कित्येक वर्षं टपला होता ती. दुसरा, मुलांचा खेळ. त्यात त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला बाबाबरोबर बसायचं होतं. लढाई पहिली होती, लेक अकरावी. मधले नऊ आकडे बहुधा या दोघांच्या मध्ये गर्दी करायला ठेवले होते.

"तिला सांगेन, नंबर लागला नाही," तो पुटपुटला.

"साहेब रजेवर आहेत" हे वाक्य आम्ही गिऱ्हाइकाला ज्या आवाजात सांगतो, अगदी तोच आवाज. मी म्हटलं, "सांग की. यंत्र काही चुगली करत नाही. पण पोरगी मोठी होऊन विचारेल, बाबा, तू मला कितवा नंबर दिला होतास?"

साडेनऊला त्यानं बटण दाबलं. रांगेत चार हजारांच्या पुढचा नंबर आला. मुलांच्या टेबलावर दोन खुर्च्या मिळाल्या. नंतर पाहिलं, तर लढाईतही जागा शिल्लक होती म्हणे. पण ती वेळ भरली म्हणून यंत्रानं नियमाप्रमाणे तिला ओलांडलं होतं.

जत्रेचा निकाल पुतणीनं स्वतः फोनवर कळवला. टेबलावर सहाजण होते. ती पहिली आली, बाबा सहावा.