माणदेशातले दोन दिवस

सहल म्हटली की आपल्याला महाबळेश्वरचा गारवा आठवतो, नाही तर कोकणचा किनारा. माणदेशाचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही. येणार तरी कसे? महाबळेश्वर आणि माण एकाच सातारा जिल्ह्यातले. पण सारा पाऊस तिकडच्या डोंगरांनी ठेवून घ्यावा आणि इकडे नुसते रिकामे ढग धाडावेत, असा हा मामला! तरीपण शनिवार-रविवारची खरी गजबज पाहायची असेल, तर माणदेशातल्या आटपाडीच्या बाजाराला जावे.

आम्ही चौघे मित्र गेलो, त्याला एक निमित्त होते. एकाचे मूळ घर आटपाडीजवळचे. त्याचे वडील तरुणपणीच सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दक्षिणेत गेले. दुष्काळाने इकडची कितीतरी घरे अशी गलाईच्या भट्टीपाठोपाठ देशभर पांगली आहेत. गावी उरली सहा एकर जमीन. ती विकायला मित्र निघाला होता, आणि आम्ही बाजार पाहायला.

आटपाडीत शेळ्यामेंढ्यांचा नुसता पूर लोटला होता! मुंडासे बांधलेले धनगर, खांद्यावर घोंगडी. गिऱ्हाईक मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून वजन ताडणार आणि धनगर भाव ऐकून मान फिरवणार. वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ शिकवताना जी माणसे शब्दांनी उभी करावी लागतात, ती इथे कानाला मोबाइल लावून दुसऱ्या बाजारचे भाव विचारीत होती. कादंबरी १९५५ची, व्यंकटेशराव आणि त्यांचे वडील बंधू गदिमा, दोघेही याच मातीतले.

दुपारी जवळच्या स्वतंत्रपूरला गेलो. हा तुरुंग, पण त्याला भिंती नाहीत. औंध संस्थानाने १९३९ साली ही वसाहत वसवली. कैद्यांनी बायकामुलांसह राहावे, शेती करावी, असा हा प्रयोग. त्यावरूनच गदिमांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ती पडद्यावर आणली. वाट मोकळी असताना माणूस जमिनीपाशी का थांबतो, हा प्रश्न आमच्या डोक्यात घोळू लागला. मित्र मात्र गप्पच होता.

रात्री त्याच्या चुलतीकडे उतरलो. बाजरीची भाकरी, ठेचा, मटकीची आमटी. जमिनीची गोष्ट निघताच म्हातारी म्हणाली, “पानी न्हवतं तवा तुझ्या बापानं इकली न्हाई. आन् आता पानी आलंया, तर तू इकतूस व्हय रं?”

मित्र हसला, पण त्याला घास गिळेना. “काकी, मुलांच्या शिक्षणाला पैसे लागतात गं.”

“लागत्यात की. मी कुठं न्हाई म्हंते?”

सकाळी शेतावर गेलो. कराडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून या भागात आणले आहे. शेजारच्या रानात डाळिंबे लगडली होती. मित्राच्या रानात कुसळे आणि एक जुनी बाभळ. बाभळीखाली गिऱ्हाईक इसाराची रक्कम घेऊन बसले होते.

मित्राने बांधावरून एक फेरी मारली, वाकून ढेकूळ उचलले, हातात चुरडले. गिऱ्हाइकाला म्हणाला, “दिवाळी होऊ द्या. मग बघू.”

परतीच्या गाडीत त्याने एकदाच तोंड उघडले. डाळिंबाच्या रोपाला काय पडते, असे तो आम्हा तिघा मास्तरांना विचारीत होता!