हसायला लागलो तेव्हा

सोयाबीन सोंगणीला आलं होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो. "काहून रे बाप्पा, काही दुखते का?" आई विचारायची. दुखत काहीच नव्हतं. नातलगांनी आधी सैलानीच्या दर्ग्याला नेलं. तिथे माझ्यासारखे कितीतरी दिसले, तेवढाच धीर आला.

मग बुलढाण्याला मानसोपचाराचे डॉक्टर. झोप, भूक, अपराधीपणा, मरणाचे विचार असं एकेक विचारत ते प्रत्येकाला गुण देत गेले. मॅक्स हॅमिल्टन यांची 1960 सालची ही मोजपट्टी, 17 मुद्द्यांची. गुण जितके जास्त तितकी उदासी खोल. परीक्षेत इतके गुण मला कधी पडले नव्हते! पण खरा प्रश्न त्यांनी माझ्या भावाला विचारला, "याच्या उलटं कधी झालं होतं का?" भावाला आठवलं. एका उन्हाळ्यात मी रात्र रात्र जागा असायचो, तरी थकत नव्हतो. कर्ज काढून ट्रॅक्टर आणला आणि वर दोन विहिरींचे आराखडे. त्या उत्तरावर औषध ठरलं. उदासी आणि उन्माद अशी दोन टोकं असलेल्या या बायपोलर आजारात नुसती उदासीची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. मला लिथियम सुरू झालं.

पुढे मी बोलू लागलो, हसू लागलो. घरात पेढे आले. उदासीच्या कागदावर गुण जवळपास शून्य. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलेना. "झोपतोस किती?" चार तास, आणि ताजातवाना! त्यांनी दुसरा कागद काढला, यंग यांची 1978 सालची उन्मादाची मोजपट्टी. अति आनंद पहिल्या कागदात मावतच नाही. गावाच्या हिशेबातही नाही. हसणारा माणूस आजारी कसा?

डोस वाढला. आता ठरावीक काळाने रक्तातलं लिथियम तपासतो, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. मूत्रपिंड आणि थायरॉईडही. आमच्याकडे घाटाखाली मे महिन्यात घाम फार जातो, पाणी किंवा मीठ कमी पडलं की लिथियम रक्तात वाढतं. म्हणून अळणी उपवासही बंद. आईला हे अजून पटलेलं नाही.

बायको वहीत दोनच गोष्टी लिहिते, माझी झोप आणि माझा खर्च. मागच्या पोळ्याआधी मी बैलजोडी घ्यायची म्हणालो, तर तिने आधी वही उघडली. आठवडाभर झोप सात तासांची होती. बैल घेतले.