एकशे दहा मायक्रॉन

सकाळचं तिरपं ऊन पडलं की आमच्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसायचं. 2013ची गडद निळी डिझायर. गडद रंगावर काहीच लपत नाही. खरं तर ते ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात, पण उजेड ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याभोवती गोल जाळं विणल्यासारखं वाटतं.

ते कोणी पाडले हे मला माहीत होतं. अण्णा रोज पहाटे जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यानं गाडी पुसतात. आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरपासून थोडं आत. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा रात्रभर पत्र्यावर बसतो आणि सकाळी फडक्याखाली तोच पॉलिश पेपरचं काम करतो.

एप्रिलमध्ये मी महिनाभर गावाकडून काम करत होतो. एका सकाळी चहा पिता पिता बोलून गेलो, "अण्णा, तुमच्या पुसण्यानंच गाडी खराब झालीय." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी पुसली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फडकं दोरीवर तसंच वाळत राहिलं.

माणसाला सॉरी म्हणता येत नाही तेव्हा तो काहीतरी विकत घेतो. मी पॉलिशर शोधायला लागलो.

पहिला पर्याय रोटरी मशीन. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये बहुतेक तेच असतं. पॅड एकाच अक्षावर सरळ फिरतं, काम झपाट्यानं होतं, पण एका जागी उष्णता साठते. नवखा हात बॉनेटच्या कडेवर क्षणभर जास्त रेंगाळला तर रंग जळतो. दुसरा पर्याय ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी एका छोट्या वर्तुळात डोलतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तसं काहीसं. स्वतःभोवतीची गिरकी मोकळ्या बेअरिंगवर असते. जास्त दाबलं की ती थांबते. हाच त्याचा दोष आणि हीच त्याची दया.

डोलण्याच्या त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. 8 मिलिमीटर, 15, 21. इटलीच्या रूपेसची 15 आणि 21ची मशिनं डिटेलिंगवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहेत, पण किंमत माझ्या बजेटच्या बाहेर. शिवाय 21चा मोठा थ्रो एसयूव्हीच्या सपाट, रुंद पत्र्यावर खुलतो. डिझायरचे दरवाजे वळणाचे, बंपर त्याहून. तिथे मोठं पॅड अडखळतं. 8चं मशीन सौम्य, पण मे महिन्याच्या उन्हात त्याच्याशी आठवडाभर कोण झुंजणार? मी 15 मिलिमीटर थ्रो आणि पाच इंची प्लेटवर आलो.

मग वायरचं की बॅटरीचं? गावात शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, लोडशेडिंग वेगळंच. पण एका गाडीला पुरतील एवढ्या बॅटऱ्या घ्यायच्या तर मशिनीएवढाच खर्च. शेवटी वायरचं घेतलं. मात्र भार आल्यावरही वेग टिकवून धरणारं. स्वस्त मशिनी आकडा वॅटचा मोठा लिहितात आणि पत्र्यावर टेकवलं की दम सोडतात.

पार्सल आलं तेव्हा अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. आमच्याकडे पॉलिश म्हटलं की हळद. काढलेली हळद शिजवायची, वाळवायची, मग ट्रॅक्टरवर चालणाऱ्या ड्रममध्ये घालून फिरवायची. कांड्या एकमेकींवर घासतात, वरचं खरबरीत साल जातं, पिवळा रंग उजळतो. आणि वजन कमी भरतं. त्याला घट म्हणतात.

अण्णांनी विचारलं, "हळद पॉलिशला घातली की घटते. गाडीचं काय घटतं?"

मी इतके दिवस मशीन निवडत होतो. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

गाडीवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. साधारण 40 ते 50 मायक्रॉन. खालचा रंग, प्रायमर सगळं धरून कंपनीतून निघालेल्या गाडीवर शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात. म्हणजे झेरॉक्सच्या कागदाएवढी जाडी. ओरखडा काढायचा म्हणजे तो भरायचा नसतो. त्याच्या भोवतीचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा असतो. गेलेला मायक्रॉन परत येत नाही. सगळे ओरखडे काढायचा हट्ट धरला तर ऊन अडवणारा थरच जातो.

म्हणून नांदेडच्या एका मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर आणलं. पत्र्यावर टेकवायचं, आकडा वाचायचा. अण्णा वही घेऊन बसले. छत 112. बॉनेट 108. उजवा पुढचा दरवाजा 115. डावा मागचा 109. मजा येत होती. मग डावा पुढचा दरवाजा: 640.

मीटर बिघडलं असेल म्हणून पुन्हा टेकवलं. 655. त्याच्या पुढचं मडगार्ड 290.

एवढी जाडी म्हणजे खाली पुट्टी. पत्रा चेपलेला, भरलेला, पुन्हा रंगवलेला. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी आकडा वहीत लिहिला नव्हता.

"कधी झालं हे?"

"झालं व्हतं कधीतरी."

आई दारातून म्हणाली, "सांगून टाका की आता."

जुलै 2019. मला पहिली नोकरी लागली होती. अण्णा रात्री मला नांदेड स्टेशनवर सोडायला आले होते. दोन बॅगा, एक चादर, लोणच्याची बरणी. गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबले. परत येताना वारंगा फाट्याच्या अलीकडे त्यांचा डोळा लागला आणि गाडी डाव्या बाजूनं पुलाच्या कठड्याला घासत गेली. कठडा होता म्हणून. सकाळी मी पुण्यातून फोन केला, तेव्हा ते म्हणाले होते, "पोचलो रे." नंतर आठवडाभर गाडी सर्व्हिसिंगला होती, एवढंच मला माहीत होतं.

"काहून नाही सांगितलं?"

"तू नवीन नोकरीवर व्हतास. मनाला लावून घेतलं असतंस."

सहा वर्षं तो दरवाजा पाहत, उघडत, त्यावर हात टेकवत आलो. डोळ्याला काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी नीट धुतली, क्लेनं खडखडीत कण काढले आणि बॉनेटवर फूटभर चौकोन टेपनं आखला. नियम असा की सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशनं सुरुवात करायची, भागलं नाही तरच वर चढायचं. प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारली. ती फिरताना दिसली की पॅड गिरकी घेतंय. दिसेनाशी होण्याऐवजी जागीच थरथरली की आपण जास्त दाबतोय. माझी रेघ सारखी थांबत होती.

"आण इकडं," अण्णा म्हणाले. त्यांनी मशीन धरलं ते नुसतं टेकवल्यासारखं. रेघ फिरायला लागली, फिरतच राहिली. मशिनीच्या वजनावर सोडायचं असतं हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं.

बॉनेट तीन तासांत उजळलं. खोल ओरखडे तसेच ठेवले. डाव्या दरवाजावर कोणी किती क्लिअर मारलाय ते मीटर सांगत नाही, ते एकूण जाडीच सांगतं. म्हणून तिथे नुसतं बारीक पॉलिश, दोन हात. गाडी आता पाच पावलांवरून नवी दिसते, एका पावलावरून बारा वर्षांची. मला ते पुरेसं वाटतं.

अण्णा पुन्हा पहाटे गाडी पुसतात. आधी पाणी मारून, मायक्रोफायबरनं. धोतराचं फडकं टायरला.

परतीच्या दिवशी माझी ट्रेन रात्रीची होती. मी हट्टानं दुपारी चारलाच निघायला लावलं. अण्णा म्हणाले, "इतक्या लवकर स्टेशनवर काय करशील?" मी म्हणालो, "काम आहे." फलाटावर चार तास लॅपटॉप न उघडता बसून राहिलो.

पावणेसातला फोन आला. अजून उजेड होता.

"पोचलो रे."

या वेळी मी विचारलं, "नक्की ना?"

ते हसले.