ताकाई

मी सोलापूरच्या एका सूतगिरणीत ऑटोकोनरवर आहे. मशीन जपानी, क्योटोच्या मुराता कंपनीचं. त्यावरची अक्षरं बघून बघून जपानला कामाला जायचं डोक्यात घेतलं आणि मोबाईलवर भाषा शिकायला लागलो. गुरू कुणी नाही.

पहिलाच शब्द अडला. ताकाई. अर्थ उंच. अर्थ महागसुद्धा. हे मात्र लगेच पटलं. जे उंच ते आपल्याला कायम महागच पडलंय.

सुट्टीत माकणीला गेलो की धरणाच्या कडंला बसून घोकायचो. भिंत ताकाई देसु. भिंत उंच आहे. 'उंच होती' म्हणायला मी महिनाभर 'ताकाई देशिता' म्हणत होतो. साफ चूक. 'होती' बाहेरून चिकटवायचं नाही. शेवटचा 'ई' तोडायचा आणि शब्दातच भूतकाळ भरायचा. ताकाकात्ता. उंच नाही, ताकाकुनाई. आपला 'मोठा' समोर बाई की बाप्या बघून बदलतो. हा शब्द माणूस बघत नाही, काळ बघतो.

मित्रांनो, मला खूळच लागलं. जातीला ताकाकात्ता लावून बघितलं. उंच होती! लई बरं वाटलं.

मग एक वाक्य भेटलं. मिबुन गा ताकाई. मिबुन म्हणजे समाजातला दर्जा. म्हणजे तिथंही? शोधलं. मेलेली जनावरं ओढणारे, चामडं कमावणारे तिथंही वेगळ्या वस्तीत. बुराकु म्हणजे वस्तीच. 1871 ला सरकारी हुकमानं तो दर्जा मोडला, कागदावर. 3 मार्च 1922 ला त्यांनी क्योटोतच सुइहेइशा काढली. सुइहेइ म्हणजे पाण्यासारखं समपातळीत. आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी! आणि 1975 ला उघड झालं की कंपन्या त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या याद्या गुपचूप विकत घेतात. नोकरी मागणाऱ्याचं गाव ताडून बघायला.

मागच्याच महिन्यात नव्या साहेबानं विचारलं होतं, "माकणी का? माकणीत कुठं?" मी म्हणालो, "धरणाकडं." साहेब हसला. मी मान खाली घालून तुटलेला धागा शोधत राहिलो.

मायला हे सगळं सांगितलं. ती म्हणली, "तितं बी इचारत्यात व्हय रं?" मग थोड्या वेळानं, "पगार किती हाय?"

अर्ज भरलाय. पत्त्याच्या रकान्यात वस्तीचं नाव धरून सगळं लिहिलं.