मुलीचा फुटबॉल आणि घरचा हिशेब

"फुटबॉल खेळून पोरीला काय मिळणार?" असे आमच्या सांगलीच्या वस्तीतल्या बायका मला विचारतात. मला राग येत नाही. हातावर पोट असणाऱ्याने हिशेब विचारायचाच. तो मीच मांडते.

आमची धाकटी साताऱ्याला मावशीकडे राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सातारा-सांगलीची कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की माणूस मावत नाही. पण ते संघ पोरांचे. आमच्या मुली शाळेत कबड्डी-खो-खो खेळलेल्या, फुटबॉल पायाला लागला तो कॉलेजात.

कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे सर एकच. कबड्डी, क्रिकेट, धावणे, शिवाय फॉर्म भरणे, सगळे त्यांच्याच गळ्यात. माणूस भला, पण मूळचा धावण्यातला. गोलकीपरला शिकवायला कोणी नाही. बाहेरचा प्रशिक्षक सामन्यांआधी पंधरा दिवस येतो, कारण मानधन तेवढ्याचेच.

पैसा येतो जिमखाना फीमधून. ती सगळीच मुले भरतात, मैदान न पाहिलेलीसुद्धा. त्यातून चेंडू, ड्रेस, प्रवासखर्च. बूट मात्र घरचे. मी मार्केट यार्डात हळद निवडते. बुटाला माझी तीन दिवसांची मजुरी गेली.

खरी अडचण पुढेच आहे. मुलगी 'कमवा व शिका' योजनेत सकाळी ग्रंथालयात काम करते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात ही योजना नवी नाही, आणि तिच्यामुळेच आमचे शिक्षण चालले आहे. पण सामन्याला गेली की त्या तासांचे पैसे बुडतात. वर्गात गैरहजेरी लागते ती वेगळीच. खेळायचे कॉलेजसाठी आणि मजुरी बुडवायची आपली, हा कुठला न्याय?

अमेरिकेत 1972 साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, आणि तो मैदानालाही लागू झाला. 1999 साली तिथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला नव्वद हजार लोक जमले होते.

नोकरीचे म्हणाल तर महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. पण त्याला ठरावीक पातळीवरचे यश लागते. विभागीय सामन्याच्या कागदावर कोणी कामाला घेत नाही, हे मुलीला मी आधीच सांगून ठेवले आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. तशी लाखात एखादी. आमची तशी होईल म्हणून मी बूट घेतले नाहीत. मैदानावरून आली की ती मान वर करून बोलते, म्हणून घेतले.

संघातल्या पाच मुलींच्या आयांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला आहे: सामन्याचे दिवस हजेरीत धरा आणि कामाचे तास बुडवू नका. दोघींनी अंगठा केला, तिघींनी सही. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.