सहाशे चोपन्न पायऱ्या

लाल-पिवळा झेंडा दिसला की आजही माझी मान आपोआप वळते. बेळगावात वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो हेच सांगेल. आमच्याकडे लाल-पिवळा म्हणजे कन्नड झेंडा. एक नोव्हेंबरला तो चौकाचौकात लागायचा, त्याच दिवशी आमचे अप्पा दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडची मंडळी एकाच हॉटेलात शेजारी बसून चहा प्यायची. (मी शाळेला सुट्टी म्हणून दोन्ही बाजूंवर खूश!) त्यामुळे यंदा मे महिन्यात भूमध्य समुद्राकाठी, इटलीतल्या एका गावात, एका दुकानाच्या दारावर लाल-पिवळे पट्टे फडकताना दिसले तेव्हा मी चमकून थांबलोच. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, बेळगावात आल्यासारखं वाटलं."

तर झालं असं. आम्ही राहतो बर्मिंगहॅमला. इथे समुद्र नाही. कालवे मात्र उदंड. व्हेनिसपेक्षा जास्त आहेत असं इथला प्रत्येक माणूस ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मी पुलांच्या दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणजे वर्षातले बरेच दिवस कुठल्यातरी रस्त्याच्या खाली उभं राहून काँक्रीटकडे वर बघण्यात जातात. मेअखेरीस शाळांना आठवड्याची सुट्टी असते. कन्येला समुद्र हवा होता, बायकोला ऊन हवं होतं आणि मला स्वस्त तिकीट हवं होतं. तिन्ही जिथे जुळलं ते गाव म्हणजे सार्डिनिया बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरचं आल्गेरो. स्टॅनस्टेडहून अडीच तासांत पोचलो.

इटलीत कॅटलन झेंडा कसा, हा प्रश्न मलाही पडला. गोष्ट अशी आहे. चौदाव्या शतकात हे बंदर जेनोव्हाच्या दोरिया घराण्याकडे होतं. १३५४ मधे आरागोनचा राजा चौथा पेरे याने वेढा घालून ते घेतलं. बार्सिलोना आणि कॅटलन मुलूख त्याच्याच राज्यात. पण गावातली माणसं काही मुकाट राहीनात, बंड करीत. शेवटी १३७२ मधे राजाने त्यांना गावाबाहेर काढलं आणि कॅटलन कुटुंबं आणून बसवली. गाव कसलं, जहाजातून आणलेली वसाहतच ती. त्यांच्याबरोबर त्यांची भाषा आली आणि तटबंदीच्या आत राहिली. पुढे १७२० मधे सार्डिनिया सावॉय घराण्याकडे गेलं, राजकारभारात इटालियन आली, कॅटलोनियाशी संबंध तुटला. तिकडे बार्सिलोनात तर आपली माणसं तिथे आहेत हेच लोक विसरले होते. १८८० च्या दशकात एदुआर्द तोदा नावाचा वकिलातीतला माणूस सार्डिनियात आला, आणि पाहतो तो काय, गावातले कोळी आपल्याच भाषेत बोलतायत! त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं.

आपल्याकडे तंजावरचं उदाहरण डोळ्यांपुढे आणा. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तिकडे गेले, त्यांच्याबरोबर गेलेल्यांची मराठी तमिळ मुलखात घराघरात राहिली. बृहदीश्वराच्या देवळातल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मधे कोरवलेला मराठी शिलालेख अजून आहे. आल्गेरोची गोष्ट त्याहून तीनशे वर्षं जुनी.

गाव आहे मात्र देखणं. तीन बाजूंनी तट, त्यावर बुरूज, खाली निळंशार पाणी. तटावरच्या फिरायच्या रस्त्यांना मॅगेलन, कोलंबस, मार्को पोलो अशी नावं. आत अरुंद दगडी गल्ल्या, वरती वाळत घातलेले कपडे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सान मिकेले चर्चचा रंगीबेरंगी कौलांचा घुमट. पोवळ्यांची दुकानं जिकडेतिकडे, कारण इथल्या समुद्रातलं लाल पोवळं प्रसिद्ध. गावाच्या बोधचिन्हातही पोवळ्याची फांदी आहे. आणि जुन्या गावात रस्त्यांना दोन दोन नावं, एक इटालियन, एक कॅटलन. गावालासुद्धा दोन, आल्गेरो आणि लाल्गे.

पाटी हा आमच्या बेळगावकरांचा नाजूक विषय. कुठल्या दुकानावर कुठली लिपी वर, कुठली खाली, अक्षरं किती मोठी, यावरून डांबर फासण्यापर्यंत प्रकरणं गेलेली मी पाहिली आहेत. आता तर गावाचंही अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी झालं. म्हणून इथल्या पाट्या पाहून मी भलताच खूश झालो. दोन भाषा एका भिंतीवर नांदतायत, कुणी डांबर फासलेलं नाही, कुणी खोडलेलं नाही. मी चार-पाच फोटो काढले. बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, असं असावं!"

आमचा हा आनंद दोन दिवस टिकला.

आम्ही जुन्या गावात एकांच्या घरी वरच्या मजल्यावर उतरलो होतो. मालक साठी उलटलेले, तरुणपणी परदेशी नोकरी केलेली, त्यामुळे इंग्रजी चांगलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आमचे पैसे वाचवले. इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कॅटलन पद्धतीचा लॉबस्टर. हॉटेलबाहेरच्या फळ्यावर किंमत वाचून मी म्हटलं, अरे वा, परवडतंय की! मालक हसून म्हणाले, "ती शंभर ग्रॅमची किंमत आहे." मग एकच मागवून तिघांत खाल्ला. उकडलेला लॉबस्टर, वर कच्चा कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि लिंबू. बायकोचा निकाल : "ही आपली कोशिंबीरच की!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तटावर मालक त्यांच्या दोस्तांबरोबर बसलेले भेटले. चौघे म्हातारे कॅटलनमधे गप्पा मारत होते. इथल्या बोलीची गंमत अशी की दोन स्वरांमधला 'ल' आणि 'द' इथे 'र' होऊन जातो, त्यामुळे बार्सिलोनाच्या माणसाला ती जुनाट आणि जराशी विनोदी वाटते म्हणे. मला लगेच पुण्यातलं हॉस्टेल आठवलं. तिथे माझ्या "काय करूलालास?" ला सगळी खोली हसायची. वर्षभरात मी "काय करतोयस" म्हणायला शिकलो. असो.

तेवढ्यात मालकांचा नातू सायकलवरून आला. आणि आजोबा त्याच्याशी इटालियनमधे बोलले. बाकीच्या तिघांनीही त्याची चौकशी केली, इटालियनमधेच. पोरगा गेला आणि चौघे परत आपल्या भाषेत आले.

मी न राहवून विचारलं. मालकांनी शांतपणे सांगितलं. त्यांचे आईवडील एकमेकांशी लाल्गेची भाषा बोलत, पण मुलांशी इटालियन. शाळेत अडायला नको, नोकरी मिळावी, मुलं मागासलेली वाटू नयेत. कुणी बंदी घातली नव्हती. "आम्ही ती भिंतीपलीकडून ऐकून शिकलो," ते म्हणाले, "आणि माझ्या मुलांच्या वेळेला ऐकायलाही कुणी उरलं नव्हतं."

आणि पाट्या? पाट्या आहेत, कायदा आहे. इटलीने १९९९ मधे ज्या बारा जुन्या अल्पसंख्य भाषांना मान्यता दिली त्यात कॅटलन आहे. बार्सिलोनाहून पाहुणे येतात. १९६० मधे तर एक आख्खं जहाज भरून आले होते. आजीच्या गावाला निघाल्यासारखे, रडत, गळ्यात पडत. २०२१ च्या सप्टेंबरात कॅटलन नेते कार्लेस पुजदेमों लोककलांच्या मेळाव्यासाठी येत होते, त्यांना इथल्या विमानतळावर अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी सुटका. दोन दिवस गावाचं नाव सगळ्या जगाच्या बातम्यांत. पण २००४ च्या पाहणीत पहिली भाषा कॅटलन सांगणारे शंभरात साधारण २२ होते, ते २०१५ मधे १७-१८ वर आले. रोजच्या वापरात ठेवणारे शंभरात दहासुद्धा नाहीत. ज्या पाटीवर मी खूश झालो होतो तिच्यावर कुणी डांबर का फासत नाही, ते मला तेव्हा कळलं. भांडायला दोन बाजू लागतात.

मग मालकांनी सहज माझ्या मुलीला विचारलं, "आणि तुम्ही घरात कुठली भाषा बोलता?"

कन्या अकरा वर्षांची. इंग्रजीत म्हणाली, "आईबाबा मराठी बोलतात. मला कळू नये असं काही असेल तेव्हा." आणि एक घोट सरबत पिऊन पुढे, "पण मला सगळं कळतं."

म्हातारे हसले. मी हसलो नाही.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. ती तीन वर्षांची होईपर्यंत आम्ही तिच्याशी मराठीच बोलायचो. मग नर्सरीत गेली आणि चार महिने तोंडातून शब्द काढेना. तिथल्या बाईंनी बोलावून प्रेमानेच सांगितलं, घरी इंग्रजी बोला, तिचा गोंधळ होतोय. दोन भाषांनी मुलांचा गोंधळ होत नाही हे आज कुणीही सांगेल. पण आम्ही घाबरलो. घरी आलो आणि त्याच संध्याकाळी बदललो. दोन महिन्यांत ती पोपटासारखी बोलायला लागली, आणि आम्ही परत मराठीवर आलोच नाही. बाईंना दोष देऊन काय उपयोग? त्यांनी एकदा सांगितलं, आम्ही आठ वर्षं पाळलं. इंग्रजी सोपं पडत होतं, एवढंच. ज्या अप्पांनी पाटीवरच्या अक्षरांसाठी लाठी खाल्ली, त्यांच्या मुलाने घरातली भाषा एका संध्याकाळी, चहा पिता पिता सोडून दिली. कुणीही मागितली नसताना.

बेळगावला आई एकटी आहे. दर रविवारी फोन होतो. "काय करूलालीस गं बाळ?" असं ती विचारते, नात म्हणते "फाइन आज्जी", आणि मग दोघी पडद्यावर एकमेकींकडे बघून हसत राहतात. मग फोन माझ्याकडे येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कापो काच्चा नावाच्या भूशिरावर गेलो. तिथे कड्याच्या पोटात नेपच्यूनची गुहा आहे, आत खारं तळं आणि छतापासून लोंबणारे चुनखडीचे खांब. जायला कड्याला बिलगलेला जिना, एस्काला देल काबिरोल. नाव कॅटलन. काबिरोल म्हणजे एक चपळ लहानसं हरीण. जिना १९५४ मधे बांधला, पायऱ्या ६५४. उतरताना मजा, चढताना आमच्यातलं एकही हरीण नव्हतं.

शंभरेक पायऱ्यांवर कन्या बसली. मी म्हटलं, चल, मोजत जाऊ. मराठीत. का म्हटलं कोण जाणे. तिला वीसपर्यंत येत होतं. पुढचं मी सांगायचं, तिने म्हणायचं. "एकोणतीस" ला ती थांबली. तीस अजून आलेच नाहीत, मग त्यांचं नाव आधी कशाला? मी म्हटलं, एक उणे तीस. इंजिनियरची पोर, पटलं तिला. एकोणचाळीस, एकोणपन्नास तिनेच बरोबर जुळवले. एकोणनव्वदपर्यंत गाडी सुसाट, आणि मग थाटात म्हणाली, "एकोणशंभर!" म्हटलं, नाही, नव्व्याण्णव. "का?" का ते मला माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. वर चढणारं एक जर्मन जोडपं आमचं भांडण ऐकत थांबलं होतं, त्यांना तर नसणारच.

जिन्याची एक सोय असते. शंभर संपले की परत एकपासून. दुसऱ्या शंभरात मी निम्म्या वेळा सांगितलं. चौथ्यात क्वचित. सहाव्या शंभरात ती माझ्या पंधरा पायऱ्या पुढे होती आणि वरून ओरडत होती, कारण माझाच दम संपला होता.

परत आल्यावर सोमवारी हापिस. बर्मिंगहॅममधे स्पॅगेटी जंक्शन म्हणून एक प्रसिद्ध प्रकार आहे, १९७२ साली सुरू झालेला, ५५९ खांबांवर उभा. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर झिरपतं आणि काँक्रीटच्या पोटातलं लोखंड गंजवतं. बाहेरून काही दिसत नाही. तडा दिसतो तेव्हा आतलं बरंच गेलेलं असतं. त्यावर इथल्या पुलांना एक उपाय केलाय : लोखंडातून अगदी बारीक वीजप्रवाह सतत सोडायचा. तो चालू असेपर्यंत गंज थांबतो. एकदाच भरपूर वीज सोडून चालत नाही. वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीला नऊवारी नेसवून आणि आरती पाठ करून घेऊन आम्ही नेमकं तेच करत होतो.

रविवारी फोन लागला. "काय करूलालीस गं बाळ?" कन्या म्हणाली, "सहाशे चोपन्न पायऱ्या. मोजल्या. मी." पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "आणि नव्व्याण्णव आलं होय गं तुला? तुझ्या बाबाला चौथीपर्यंत येत नव्हतं की!" हे मला आठवत नाही. दोघी मात्र यावेळी खऱ्या हसल्या.

म्हणून आता रात्रीच्या जेवणाला अर्धा तास मराठी, असा आमच्या घरी नियम केलाय. पहिल्या आठवड्यात आमची जेवणं आठ मिनिटांत आटोपली. काल बावीस मिनिटं लागली.